अठरा ग्रॅमचं दळण

सत्तर हजारांची ती इटलीची,
पितळी, घुमटाची, वर पक्षी बसलेला.
हर्षलनं चित्र दाखवलं तेव्हा मी म्हटलं,
एवढ्यात चक्कीला नवी मोटर येते
आणि दोन्ही दगडांना टाकी लावून होते.

विजेवरची स्वस्तातली नकोच होती.
पंधरा बार, असं खोक्यावर छापलेलं.
छापायला काय, आमच्या अमळनेरात
गव्हाच्या पोत्यावरही काय काय छापलेलं असतं.
आणि सकाळी सहाला लाईट जाते.

उरल्या दांड्याच्या.
एक, दोन दांड्यांची: दोन्ही हात एकदम खाली,
जशी बाई गुडघ्यांवर हात टेकून उठते.
दुसरी, एकाच दांड्याची, उजव्या हाताची.
उजवा खांदा माझा डब्यांनी खाल्लेला,
तेवीस वर्षं, जमिनीपासून चाड्यापर्यंत.

म्हणून आधी हापशावर जाऊन पाहिलं.
शाळेमागचा, अजून चालतो.
लहानपणी दांड्याला लटकायचो आम्ही,
पाय जमिनीवरून सुटायचे, मग पाणी.
आता उजव्यानं दाबला, मग डाव्यानं, मग दोन्हींनी.
कौतिकबाई कळशी घेऊन उभी.
"काय व माय, घरना नळ बंद पडना का?"
मी म्हटलं, कॉफीची मशीन घेते आहे.
ती बराच वेळ काही बोलली नाही.

दोन दांड्यांची, ठरलं.
त्यातही तीन निघाल्या. आठ हजार, चौदा, बावीस.
हर्षलचा रोज रात्री पुण्याहून फोन:
मावशी, प्रेशरचा काटा हवाच.
मावशी, चौदावाली घे, सगळे तीच घेतात.
सगळे अमळनेरात राहत नाहीत, मी म्हटलं.
रबर गेलं तर?
आणि रबर जातंच. कुकरचं जातं,
चक्कीचा पट्टा जातो,
माणसाच्या गुडघ्यातलंसुद्धा.

मापं कागदावर उतरवून गेले
इस्माईल पिंजारीकडे. फवारणीचे पंप दुरुस्त करतो,
कपाशीच्या दिवसांत मान वर करत नाही.
चौदावालीचं माप पाहून मान हलवली.
बावीसवालीचं पाहून नुसता हसला.
आठवालीचं वाचलं, खोक्यात हात घातला,
आणि एक कोरी काळी कडी
माझ्या तळहातावर ठेवली.
"पाठीवरच्या पंपाची. सात रुपये. पाहिजे तेवढ्या."
ती करंगळीत घालून मी घरी आले.

तर आठ हजार.
राहिलेले हाताच्या ग्राइंडरला, मुठीएवढ्या.
हर्षल म्हणाला, मावशी, उलटं करतेस.
हे मात्र मला कोणी शिकवू नये.
कळण्याच्या ज्वारीत उडीद किती, जाड किती,
मी पीठ अंगठ्यानं चोळून सांगते.
थापणारीचा हात चांगला, तवा चांगला,
दळणच बिघडलं तर थापणार काय?

चक्कीतच दळावं, असा मोह झाला होता, खोटं का बोलू.
पण लोकांच्या बाजरीला आठवडाभर वास आला असता.

पहिला दिवस. अठरा ग्रॅम.
पाणी उकळलं, नळकांडं आधी तापवून घेतलं,
दांडे वर, मग खाली,
आणि दहा सेकंदांत सगळं भळाभळा पेल्यात. पाणचट.
दळण जाड.
दोन दाते बारीक केलं, तर दांडे हलेनात,
छाती टेकवावी लागली.
एक दाता मागे.

काटा नाही या मशीनला.
नऊ बार म्हणजे किती?
पाय जमिनीवरून सुटायच्या जरा आधीचा जोर.
तिथं थांबले. धरून ठेवलं.
मग आली, दाट, तपकिरी,
काकवीची तार सुटावी तशी, सावकाश.

"इतलासा?" कौतिकबाई पेल्यात डोकावून म्हणाली.
"इतला जोर करीसन इतलासा?"
मी गुळाचा खडा पुढे केला. तिनं घेतला नाही.
एक घोट, आणि तोंड असं केलं
की पदर डोळ्यांपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन आली, ज्वारीचं.
मोटर बंद, लाईट कधी येईल सांगता येत नव्हतं.
डबा ठेवला, उंबऱ्यात बसली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"ते कडू आज करशी का?"